मागच्या भेटीचे आभार

१

त्या दिवशी वारा नव्हता. स्टावांगरमध्ये वारा नसला की आधी लक्षात येत नाही, आणि एकदा आलं की मग दुसरं काही सुचत नाही. आकाश स्वच्छ, पाणी सपाट, आणि ऊन असं की आमच्या गल्लीतली पांढरी लाकडी घरं डोळ्यांना बोचत होती. आमच्या घरावर मात्र ऊन नव्हतं. पहाटेच बोट लागली होती. धक्का आमच्या गल्लीच्या पायथ्याशी, आणि हल्लीच्या या बोटी घरांपेक्षा कितीतरी उंच. बोट लागली की तिची सावली आमच्या छपरांवर पडते आणि दुपारपर्यंत हलत नाही.

गल्लीतले लोक त्यावर कुरकुर करतात. मी कधी केली नाही. बोटीबरोबर माणसं यायची, आणि घरात माणसं आली की गुडनीला बरं वाटायचं.

गुडनी माझी बायको. आम्ही दोघंही सार्डिन माशांच्या कारखान्यातले. मी धुरीच्या भट्टीवर होतो, ती डबे भरायच्या रांगेत. तिथंच ओळख झाली आणि तिथंच लग्न ठरलं. मूलबाळ झालं नाही, पण एकमेकांचा कंटाळाही आला नाही. कारखाना बंद पडला त्यालाही आता युग झालं. अलीकडं गुडनीच्या डोक्यातून एकेक गोष्ट उतरत चालली होती. आधी वार गेले, मग माणसांची नावं गेली, मग मी गेलो. मला ती ‘कॉफीवाला’ म्हणायची. म्हणताना हसायची, म्हणून मला चालायचं.

हेगे ही बोटीवरच्या लोकांना शहर दाखवणारी गाइड. हातात काठी, काठीला गोल पाटी, मागं वीस-पंचवीस माणसं. तिच्या सहलीत शेवटचा थांबा आमच्या घरी असायचा. ‘इथल्या माणसाचं घर’ बघायचं, वॉफल आणि कॉफी घ्यायची आणि परत बोटीवर. ही कल्पना हेगेचीच. गुडनीसाठीच काढली होती तिनं, पण तसं कधी बोलून दाखवलं नाही. त्या मुलीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

नगरपालिकेची नर्स तुरिल, तीही चांगली बाई. पण ती दर महिन्याला यायची आणि जाताना फ्योर्डच्या खाडीपलीकडच्या शुश्रूषागृहाचं नाव काढायची. तिथं स्वच्छता आहे, तिथं बायका चोवीस तास असतात. मी मान डोलवायचो. मला एवढंच हवं होतं की गुडनीनं या घरातून कुठं जाऊ नये. तिच्या खिडकीतून, तिच्या खुर्चीतून. बाकी माझं काही मागणं नव्हतं.

२

पाहुणे आत घ्यायची आमची रीत ठरलेली होती. हेगे पायरीवर थांबून त्यांना बूट काढायला सांगायची. त्यांना त्याची गंमत वाटायची. मोजे फाटलेले असले की नवरा-बायको एकमेकांना कोपरानं ढोसायचे. मी दारात उभा राहून एकेकाशी हात मिळवायचो. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही. कॉफीचा वास पुरायचा.

त्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी एक गृहस्थ आला. दार सावलीत होतं, त्यामुळं चेहरा नीट दिसला नाही. राखाडी कोट होता. त्यानं बूट काढले, पण इतरांसारखे दारात सोडले नाहीत. आत आणले आणि बाकाखाली, गुडनीच्या सपातांशेजारी, टोकं भिंतीकडं करून ठेवले. मग हात पुढं केला.

“मागच्या भेटीचे आभार,” तो म्हणाला.

“माझ्याकडूनही,” मी म्हणालो.

आमच्याकडं कुणी पुन्हा भेटलं की आधी हे म्हणायचं असतं. मागची भेट काल झालेली असो की दहा वर्षांपूर्वी, लग्नात असो की दुकानाच्या दारात. आणि समोरच्यानं लगेच ‘माझ्याकडूनही’ म्हणायचं. आठवत असो की नसो. थांबून ‘कुठली भेट?’ असं कुणी विचारत नाही, तो अपमान होतो. मला तर हे आईनं मी बोलायला लागायच्या आधी शिकवलं असेल. तोंडातून ते आपोआप निघतं.

मी स्वयंपाकघरात गेलो, वॉफलच्या साच्यात पीठ ओतलं, आणि मग माझा हात थांबला. बोटीवरचा माणूस. आणि बोलला आमच्या भाषेत. नुसतं आमच्या भाषेत नाही, बंदराच्या या बाजूची माणसं बोलतात तसं, शब्दाचं शेपूट गिळून.

मी स्वतःला समजावलं. इथून पुष्कळ लोक अमेरिकेत गेले. त्यांची पोरं-नातवंडं आजीची भाषा जपून ठेवतात आणि म्हातारपणी गाव बघायला येतात. मागच्या उन्हाळ्यात आला असेल. एवढे चेहरे कोण लक्षात ठेवतो?

वॉफल घेऊन बाहेर आलो तर बाकीचे सोफ्यावर, खुर्च्यांवर बसलेले, आणि हा गृहस्थ खिडकीपाशी, गुडनीच्या शेजारी, माझ्या स्टुलावर. पाठ उजेडाकडं. मी त्याच्यापुढं बशी धरली तेव्हा वास आला. ओकच्या धुराचा, आणि त्यात तेल आणि मासा. आमच्या भट्टीचा वास. तो एकदा कपड्यात शिरला की जात नाही. माझी आई माझे कपडे घरात घेऊ द्यायची नाही, मागच्या दोरीवर टांगायला लावायची. त्या वासाची एकही भट्टी या शहरात आज पेटत नाही.

गुडनीनं त्याच्याकडं मान वळवली.

“आज भट्टी लवकर बंद केलीस?” ती म्हणाली.

“लाकूड ओलं होतं,” तो म्हणाला.

३

पाहुणे गेल्यावर हेगे नेहमी दोन मिनिटं मागं राहायची, कप गोळा करायला.

“तो शेवटी आलेला गृहस्थ,” मी म्हणालो, “राखाडी कोटवाला.”

“काय झालं त्यांचं?”

“कोण आहे तो?”

तिनं कप खाली ठेवला. “तारल्ड, अहो असं काय करता? मागच्या वेळी तुम्हीच त्यांना माळ्यावरची खोली दाखवायला नेलंत. मी खाली उभी राहून हाका मारून दमले, बोट सुटेल म्हणून. तुम्ही दोघं वर हसताय खुशाल.”

मी कधीच कुणाला माळ्यावर नेलेलं नाही. वर जायचा जिना उभा आहे, माझे गुडघे तसले.

हेगे माझ्याकडं बघत होती. प्रेमानंच बघत होती. पण ती नजर मला माहीत होती. गुडनीनं पहिल्यांदा मिठाच्या डब्यात कॉफी भरली, तेव्हा मी तिच्याकडं असंच बघितलं होतं.

“बरं आहे ना तुम्हाला?” तिनं विचारलं.

“तुझी गंमत केली गं,” मी म्हणालो. “त्याला कसा विसरेन?”

“मला घाबरवू नका असं. एक विसरणारं माणूस या घराला पुरे आहे.”

ती हसत गेली. मी सिंकपाशी उभा राहिलो. हेगे खोटं बोलत नाही. मग उरतं काय? माझंही डोकं जायला लागलं. तसं असेल तर ते मला कुणाला सांगता येणार नव्हतं. दोन विसरणारी माणसं एका घरात राहू देत नाहीत. तुरिल कागदावर सही करील, आणि तीही रडत करील, पण करील.

म्हणून मी ठरवलं, आपल्याला सगळं आठवतं.

४

दुपारी गुडनी झोपल्यावर मी जिना चढलो. हळूहळू, एका पायरीवर दोन्ही पाय टेकत. आमच्या जिन्याची मधली एक पायरी कण्हते. ती कण्हली तेव्हा मला बरं वाटलं, कारण सकाळी स्वयंपाकघरात असताना मला कुणीतरी जिना चढल्याचं ऐकू आलं होतं आणि ती पायरी गप्प राहिली होती.

माळ्यावरची खोली म्हणजे उतरतं छप्पर, एक खिडकी, एक लोखंडी पलंग. पलंगावर आम्ही जुनी मासिकं आणि लोकरीचे गुंडे टाकून ठेवलेले. ते सगळं आता भिंतीशी नीट रचलं होतं. पलंगावर गुडनीची लग्नातली चादर अंथरली होती, कडेला तिच्या हातचं निळं भरतकाम असलेली. ती चादर मी किती वर्षं शोधत होतो. गुडनीनं कुठंतरी नीट ठेवली आणि कुठं ठेवली ते तिच्याबरोबर गेलं. तिला दाखवावी, कदाचित काही आठवेल, म्हणून मी सगळी कपाटं उपसली होती.

उशीला मधोमध खळगा होता. मी हात ठेवला. गार होती.

मी चादर मांडीवर ओढून पलंगाच्या कडेला बसलो. भीती वाटली का? वाटली. मानेपासून खाली पाणी उतरावं तशी. पण मांडीवर ती चादर होती, आणि मी ते भरतकाम बोटानं चाचपत होतो, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला शब्द आला तो आभाराचा.

५

तो उन्हाळा चांगला गेला. तो दर बोटीला येत नसे. आला की सगळ्यांच्या शेवटी, आणि प्रत्येक वेळी तेच म्हणायचा. मग हळूहळू त्यात भर पडायला लागली.

“मागच्या वेळी जेवायला ठेवून घेतलंत, त्याचे आभार.”

“माझ्याकडूनही.”

आणि मी आत जाऊन बघायचो तर जाळीवर तिसरी ताटली पालथी घातलेली असायची. ओली.

शेजारच्या ओड्वारला तोंड बंद ठेवणं जमत नाही. आयुष्यभर मालवाहू बोटींवर होता, आता घराला रंग देतो. एक भिंत संपली की दुसरी, चौथी संपेपर्यंत पहिली मळलेली. एकदा शिडीवरूनच म्हणाला, “काय रे तारल्ड, अख्ख्या बोटीला वॉफल खायला घालतोस आणि शेजाऱ्यानं नुसता वास घ्यायचा?”

“ये की. दार कुठं लावलंय?”

“येतो. तुझ्या त्या पाहुण्यालाही भेटायचंय. मागच्या वेळी पन्हळ काय बसवून दिली त्यानं. मी तीन वर्षं तुला सांगतोय पाणी माझ्या भिंतीवर येतं म्हणून, तू आपला ‘हो हो’. त्यानं तासाभरात केलं. हाताला वळण आहे त्या माणसाच्या.”

मी मान वर करून बघितलं. छपराची पन्हळ सरळ झाली होती. नवे खिळे चमकत होते.

“हो,” मी म्हणालो. “वळण आहे.”

आणि गुडनी. गुडनी खायला लागली होती. केस विंचरून घ्यायची. एका सकाळी तिनं खिडकीतून बघून सांगितलं की आज मंगळवार आहे, आणि मंगळवारच होता. तुरिल आली तेव्हा तिनं गुडनीला नेहमीचे प्रश्न विचारले. गुडनीनं शहराचं नाव सांगितलं, ऋतू सांगितला, तुरिलच्या नव्या चष्म्याची चेष्टाही केली.

“आणि तुमची काळजी कोण घेतं?” तुरिलनं विचारलं.

“तारल्ड,” गुडनी म्हणाली.

माझं नाव. इतक्या दिवसांनी. मी पुढं झालो. पण गुडनी माझ्याकडं बघत नव्हती. ती खिडकीपाशी ठेवलेल्या रिकाम्या स्टुलाकडं बघत होती. मग तिनं मला हाक मारली, “कॉफीवाले, या बाईंना कॉफी द्या ना.”

तुरिल बाहेर जाताना म्हणाली, “शुश्रूषागृहाचं आपण इतक्यात नको बोलूया. इथं तिचं छान चाललंय. तुम्ही करताय तरी काय, मलाही सांगा.”

मी तिचे आभार मानले. मनापासून मानले. मग दार लावून कॉफीची किटली धुवायला गेलो.

६

शरदात बोटी थांबतात. धक्का रिकामा होतो, आणि पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो. हेगे शाळेत शिकवायला जाते. आमच्याकडं कुणी येत नाही.

एका सकाळी मी चूल पेटवत होतो तेव्हा आत धप्प आवाज झाला. गुडनी पलंग आणि भिंत यांच्यामध्ये पडली होती. लागलं नव्हतं, पण अडकली होती. मी काखेत हात घालून ओढलं. पुन्हा ओढलं. एके काळी मी सार्डिनची भरलेली खोकी खांद्यावर टाकून पळायचो. आता माझ्याच्यानं माझी बायको उचलेना. ओड्वार बहिणीकडं गेलेला. तुरिलला फोन केला असता तर ती आली असती, दोन माणसं घेऊन आली असती, आणि तोच गुडनीचा या घरातला शेवटचा दिवस ठरला असता.

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. तिचा हात धरला. “थांबू थोडं,” म्हणालो. ती म्हणाली, “थांबू.”

दार उघडल्याचा आवाज आला. बूट काढल्याचा. बाकाखाली सरकवल्याचा. मग मोज्यांतली पावलं. दाराच्या चौकटीत राखाडी कोट उभा राहिला. मी खाली होतो, त्याच्या मागं दिवाणखान्याचा उजेड होता.

“मागच्या भेटीचे आभार,” तो म्हणाला.

आतापर्यंत कितीतरी वेळा तो शब्द मी तोंडानं दिला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मनानं दिला. “माझ्याकडूनही,” मी म्हणालो. “माझ्याकडूनही.”

तो वाकला आणि त्यानं गुडनीला उचललं, जराही श्वास न लागता. पलंगावर ठेवलं, पांघरूण खोचलं, खोचताना पायाकडची घडी उलटी घातली. तिचे पाय गार पडतात म्हणून मी घालतो तशी. ती त्याच्या कोटात नाक खुपसून हसली.

मग मी खिडकीकडं गेलो. का गेलो कुणास ठाऊक. पाऊस पडत होता. खाली धक्का या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. एकही बोट नव्हती, आणि गल्लीच्या ओल्या दगडांवरून कुणी चढून आलं असं वाटत नव्हतं.

त्याला परत जाताना मी पाहिलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. हिवाळाभर माळ्यावर दिवसाउजेडी पावलं वाजायची, हलकी, कुणी झोपलेलं असताना घरचं माणूस चालतं तशी. चूल मी पेटवायच्या आधी पेटलेली असायची. दारापुढचा बर्फ ओढलेला असायचा. परतल्यावर ओड्वार कुंपणावरून म्हणायचा, “तब्येत सुधारली तुझी. सकाळी फावडं मारताना बघितलं, पोरासारखा मारत होतास.”

मी म्हणायचो, “बरं वाटतंय हल्ली.”

मी काय करायला हवं होतं? हा प्रश्न मला कधीकधी पडतो. मी आत्ता जिथं बसून हे आठवतोय तिथं सकाळची कॉफी आयती हातात मिळते, विचार करायला भरपूर वेळ आहे. पण एवढा विचार करून मी काय करतो, तर गुडनीला पलंगावर ठेवताना त्याचे हात कसे होते ते आठवतो. सावध हात होते. त्या हातांना मी घराबाहेर काढायला हवं होतं का?

७

वसंतातली पहिली बोट आली. पुन्हा सावली, पुन्हा हेगेची काठी.

“तुमच्यावाचून करमलं नाही हिवाळ्यात,” हेगे पायरीवरून म्हणाली. पण मी दारात होतो तरी ती माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली. मी मागं वळलो. मागं कुणी दिसलं नाही.

पाहुणे बसले. मी किटली घेऊन बाहेर आलो आणि माझा हात थरथरायला लागला. अलीकडं व्हायचं तसं. कॉफी बशीत सांडली, मग टेबलावर. एका बाईच्या पांढऱ्या पँटवर थेंब उडाले. तेवढ्यात बाजूनं एक हात आला आणि किटली माझ्याकडून घेतली. हिसकावली नाही. पोराच्या हातातून कात्री घेतात तशी घेतली.

“बसा तुम्ही,” तो म्हणाला. “बसा.”

मी सोफ्यावर बसलो. माझ्या घरात त्या सोफ्यावर मी कधी बसत नसे, तो पाहुण्यांचा. तिथून खोली वेगळीच दिसते. छप्पर खाली आल्यासारखं वाटतं. खिडकीतून पाणी दिसत नाही, नुसती बोटीची बाजू दिसते, पांढरी, खिडक्यांच्या ओळीच ओळी. मला वाटलं, किती लहान घर आहे हे. आणि किती नीट ठेवलंय.

शेजारची बाई पँट पुसत माझ्याशी काहीतरी बोलली. मी नेहमीसारखी मान डोलवली, आणि मग माझ्या लक्षात आलं की ती काय म्हणाली ते मला कळलं होतं. ती म्हणाली होती, काही हरकत नाही, डाग निघेल. आणि म्हणाली, बघा ना, अजून किती प्रेम आहे दोघांत.

मी तिकडं बघितलं. तो स्टुलावर बसला होता. वॉफलचा तुकडा मोडून, फुंकर घालून गुडनीला भरवत होता. दोघं बोलत होते. आवाज ऐकू येत होते, पण शब्द माझ्यापर्यंत पोचायला उशीर लागत होता, जाड भिंतीपलीकडं कुणी बोलावं तसे. मी कान दिला. भट्टी, लाकूड, रविवार, नाच. बाकीचं निसटलं.

एवढ्यात दुपार झाली असावी, कारण सावली हलली आणि ऊन खिडकीतून आत आलं. त्याच्या तोंडावर पडलं.

ते तोंड कसं होतं ते मी सांगणार नाही. सांगता येईल असंही नाही, कारण मी एकच क्षण बघितलं आणि नजर खाली घेतली. माझ्या बायकोकडं बघितलं ते सांगतो. भट्टीची पाळी सुटली की ती कारखान्याच्या फाटकापाशी थांबायची, डोक्याला रुमाल, हाताला माशांचे खवले, आणि मी धुरातून बाहेर आलो की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते तिच्या चेहऱ्यावर आलं होतं. ते मी पुन्हा बघेन असं मला वाटलं नव्हतं. बघायला मिळालं. इतकंच.

बाहेरून हेगेनं हाक दिली, वेळ झाली म्हणून. सगळे उठले. मीही उठलो. का उठलो? बसून राहता आलं असतं. ‘हे माझं घर आहे’ असं म्हणता आलं असतं. ओठांपर्यंत आलंही. पण मग पुढचं सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. हेगेची ती नजर, तुरिल, कागद, फ्योर्डपलीकडची खोली, आणि खिडकीपाशी रिकामी खुर्ची. आणि इकडं गुडनी उन्हात बसून खात होती.

मी रांगेत उभा राहिलो. सगळे एकेक करून गुडनीशी हात मिळवत होते. माझी पाळी आली. तिचा हात ऊबदार होता, हिवाळाभर नव्हता इतका. आमच्याकडं निघणारा पाहुणा जे म्हणतो ते मी म्हणालो.

“पाहुणचाराचे आभार.”

ती माझ्याकडं बघून गोड हसली. सगळ्यांकडं बघून हसते तशीच.

“पुन्हा या,” गुडनी म्हणाली.

त्याच्याशी मी हात मिळवला नाही. तो किटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, उजेड पुन्हा मागं. त्यानं मान थोडी वाकवली. मला ती आभारासारखी वाटली. कदाचित नसेलही.

८

दारात बुटांची रांग होती, आणि माझे बूट त्यात होते, शेवटून दुसरे. बाहेर ऊन होतं. हेगे गल्लीच्या वळणावर काठी उंच धरून उभी होती आणि मागं राहिलेल्यांना हातानं बोलावत होती. मलाही बोलावलं. जसं सगळ्यांना, तसंच.

माझे पाय उताराला लागले. भीती आत्ता आली, सगळी एकदम, आणि मी कुंपणाला धरून उभा राहिलो. ओड्वार शिडीवर होता, ब्रशमधून पांढरा रंग ठिबकत होता. मी त्याच्याकडं बघितलं. चाळीस वर्षांचा शेजार. मला वाटलं, हा काहीतरी टोमणा मारेल आणि सगळं जागेवर येईल.

तो खाली उतरला. हात पँटला पुसला. मग माझ्याशी बोलला, सावकाश, जरा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. बोटीवरच्या माणसांशी आम्ही सगळे बोलतो तसा.

“घर आवडलं ना? माणूस भला आहे तो, आमचा तारल्ड. बायकोला एक दिवस दूर केलं नाही त्यानं. तुम्ही सावकाश उतरा, दगड गुळगुळीत आहेत. आणि पुन्हा कधी या बाजूला आलात तर जरूर भेटून जा. ते दोघं इथंच असतात, कुठं जायचे नाहीत.”